आप्पाची सहीवाली अमेरिकन पुस्तकं

आमच्या घरात किस्से धुळीगत साठत्यात बघा. झटकलं की परत बसलंच! त्यातली निम्मी धूळ माझ्या धाकट्या भावाच्या, वकील आप्पाच्या, कपाटातली.

साहेबाच्या राज्यात बेळगावात कुणाला घोड्याचा नाद, कुणाला गाण्याचा. आप्पाला आन देसाई मास्तरांना नाद अमेरिकन कादंबऱ्यांचा. त्यो बी साधा न्हवं! पुस्तक पहिल्या छपाईचं पायजे, आन आत लिहिणाऱ्याची सोताच्या हातची सही पायजे. असली प्रत ज्याच्याकडं, त्योच वाचनालयाचा अध्यक्ष व्हनार, असं सगळ्या मेंबरांचं ठरल्यालं. आप्पाचा जीव त्या खुर्चीत अडकल्याला!

*

कॅम्पातला गोरा साहेब विलायतेला निघाला की त्याच्या सामानाचा लिलाव व्हायचा. एकदा त्यात दोन भागांची अमेरिकन कादंबरी निघाली. आप्पा आन मास्तर दोघंबी इरेला पेटलेत बघून लिलाववाल्यानं एकेक भाग वेगळा इकला! सहीवाला पहिला भाग आप्पानं मारला, दुसरा मास्तरांनी.

मी मास्तरांना विचारलं, "शेवटी काय हुतं वो त्या गोष्टीत?"

"आक्का, सुरुवात काय होती ते आधी तुमच्या भावाला विचारा!"

आप्पाला विचारलं, तर म्हनतोय कसा, "सही लई झ्याक हाय गं!"

*

त्या पुस्तकाची पानं कडंला एकमेकांना चिकटल्याली. सुरीनं कापल्याबिगर उघडत न्हाईत. मी सुरी घिऊन गेले.

आप्पा वरडला, "आक्का! हात लावू नगंस! पानं कापली की पुस्तकाचा मान गेला."

"मग वाचतोस कसा रं?"

"वाचायला न्हवं ते!"

"म्हंजी लगीन करून बायकू माहेरीच ठिवलीस म्हन की!"

आतनं भावजय लई येळ खोकत हुती.

*

दसऱ्याला आप्पानं तेच पुस्तक सहीचं पान उघडून पूजेला मांडलं. मिरवायचं हुतं न्हवं! भटजींनी मंत्र म्हनत हळद-कुक्कू टाकलं ते बराब्बर सहीच्या डोक्यावर!

आप्पा पांढराफटक. भटजी निवांत म्हनाले, "वकीलसाहेब, भाग्य थोर! आता देवीचीबी सही झाली."

*

शेवटी अध्यक्ष निवडायचा दिस आला. मास्तर उठून म्हनाले, "सही खोटी आहे!" मग कॅम्पातल्या म्हाताऱ्या अमेरिकन पाद्रीसाहेबाला बलावलं. त्याला मराठी चांगलं यायचं. भिंग लावून त्यानं बघितलं, परत बघितलं, आन म्हनाला, "सही खरी दिसते."

आप्पाची छाती फुगली. हार आनल्यालाच हुता.

"दिसते म्हणजे?" मास्तर हटंनात. "लेखकानेच केली कशावरून? कोणी पाहिलंय?"

कोपऱ्यात आप्पाचा कारकून बसाप्पा बसल्याला, बोरगावचा. आयुष्य कोर्टकचेरीत साक्षी देन्यात गेल्यालं. 'कोणी पाहिलंय' म्हनताच त्यो सवयीनं उठला, पुढं आला आन पुस्तकावर हात ठिवला.

"देवाशपथ खरं सांगतो. ही सही माझ्या डोळ्यादेखत झाली!"

पाद्री उडालाच. "अहो, हे लेखक तुमच्या जन्माआधी वारले!"

बसाप्पा जरासुदिक गडबडला न्हाय. आप्पाकडं वळला आन आदबीनं म्हनाला,

"वकीलसाहेब, मग तारीख कंची सांगू?"