बाबाजींची उजवी दाढ

अमरगोळच्या बाजार आवारात हरभऱ्याची आवक सुरू झाली, की बाबाजी मिराशींना बसून चहा प्यायलाही सवड मिळत नसे. राघवेंद्रअण्णांच्या अडत दुकानात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. अळणावरजवळच्या खेड्यातून ते हमाल म्हणून आले आणि हळूहळू माल पारखणारा माणूस झाले. पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरून बघायचे, मग एक दाणा उजवीकडच्या खालच्या दाढेत धरून फोडायचा. वाळलेला हरभरा टच्‌कन फुटतो. ओल असली तर आधी जरासा दबतो आणि मग फुटतो. तेवढ्या दबण्यावरून बाबाजी सांगत, "घ्या," नाहीतर, "दोन दिवस ऊन दाखवून आणा." ओलावा मोजायचं यंत्र दुकानात होतं, पण ते खोक्यातच असायचं. अण्णा म्हणायचे, "यंत्र आकडा दाखवेपर्यंत आमचे बाबाजी पाच पोती बघून होतात."

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत त्या दाढेतून कळा यायला लागल्या. बाबाजींनी कोणाला सांगितलं नाही. बायकोनं, शेवंतानं, त्यांना डब्यातली लवंग चोरून दाढेत ठेवताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून शहरात, कोप्पीकर रोडवरच्या दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर नेत्रा तरुण होत्या, पण बोलायच्या सावकाश. त्यांनी कीड काढली, पोकळीत दाताच्या रंगाचा लगदा थोडा थोडा भरला आणि प्रत्येक थरावर निळा उजेड धरला. वीस मिनिटांत लगदा दगडासारखा झाला.

"हे किती वर्षं टिकेल, बाई?" बाबाजींनी तोंड पुसत विचारलं.

"सांभाळलंत तर सात-आठ वर्षं, दहाही. काहींचं त्याहून जास्त टिकतं."

"आणि नाही सांभाळलं तर?"

"तर दोन वर्षांतही तुटेल. हे रेझिन आहे, त्यात काचेची बारीक पूड असते. उजेडानं घट्ट होताना ते किंचित आकसतं. कडेला फट पडली, तर तिथून परत कीड शिरते. शिवाय तुमचा खड्डा मोठा होता, दाढेची बाहेरची भिंत पातळ राहिली आहे. कडक काही फोडू नका."

"पूर्वीसारखी चांदी भरली असती तर?"

"चांदी कणखर असते, पण ती अडकून बसायला दात आणखी कोरावा लागला असता. मग भिंतच उरली नसती."

आपला धंदा काय आहे हे बाबाजींनी सांगितलं नाही. सांगितलं तर बाई ते काम सोडा म्हणतील, अशी त्यांना भीती वाटली. बसमध्ये बसल्यावर मात्र त्यांनी मनाशी हिशेब मांडला. हंगामात दिवसाला शंभर-सव्वाशे दाणे. अशी ती दाढ कुठली सात वर्षं टिकायला?

फेब्रुवारीत माल यायला लागला आणि पहिल्याच दिवशी बाबाजींनी दाणा डावीकडे सरकवला. डावीकडे दोन दाढा कधीच गेल्या होत्या, उरलेल्या झिजलेल्या. दाणा फुटायचा, पण आधी दबला की नाही ते कळत नव्हतं. ते दुसरा दाणा घेत, तिसरा घेत. मग अंदाजानंच म्हणत, "घ्या." जीभ दिवसभर उजव्या दाढेच्या कडेवरून फिरत राहायची. कड खरखरीत लागली की ते चूळ भरून पुन्हा चाचपायचे, गुळगुळीत लागली तरी विश्वास बसायचा नाही. घरी शेवंता भाकरी दुधात कुस्करून द्यायची.

"दुखतंय होय?" ती विचारायची.

"दुखत नाही. तुटेल असं वाटतंय."

"डॉक्टरीणबाईंना विचारा की परत."

"विचारून काय करू? त्या काय दुसरा दात देणार आहेत?"

मार्चच्या सुरुवातीला गोदामातल्या एका थप्पीला रामू हमालाचा हात लागला आणि तो ओरडलाच, "पोती तापल्यात!" बाबाजी धावले. पोत्यात हात घातला तर आतून ऊब येत होती, कुबट वास सुटला होता, खालच्या पोत्यांना पांढरी बुरशी. अण्णा आले, बघितलं आणि रामूवर भडकले. "भिंतीला टेकवून थप्पी लावू नको म्हणून किती वेळा सांगितलं? भिंतीची ओल ओढली मालानं!"

"भिंतीपासून हातभर लांब लावली होती, अण्णा," रामू म्हणाला.

"तोंड वर करून बोलू नकोस!"

रामू बाबाजींकडे बघत राहिला. दोघं एकाच वर्षी या आवारात आले होते, एका पोत्याला दोन टोकांनी हात लावत होते. बाबाजींना ते दाणे आठवले, डाव्या दाढेखाली मुकाट फुटलेले. त्यांनी वाकून बुरशी आलेली पोती बाजूला ओढायला घेतली. रामूला गोदामातून काढून बाहेर गाड्या उतरवायला लावलं, भर उन्हात.

त्यानंतर बाबाजी चांगल्या मालालाही घाबरायला लागले. थोडी शंका आली की "ओला आहे, परत न्या." शेतकरी कुरकुरत दुसऱ्या दुकानाकडे वळायचे. अण्णा विचारायचे, "यंदा सगळ्यांचाच माल ओला कसा काय हो?" बाबाजी पुढच्या पोत्यात नळी खुपसायचे.

आणि मग नवलगुंदकडची भाग्यलक्ष्मी आली. नवरा गेल्यापासून शेती तीच बघायची आणि आठ वर्षं याच दुकानात माल आणायची. बाबाजींनी दाणा फोडला आणि सवयीनं म्हणाले, "ओला आहे, यव्वा. दोन दिवस वाळवून आण."

तिनं कमरेवर हात ठेवले. ती कन्नडमध्ये बोलत होती, आणि आवाज असा की शेजारच्या दुकानातले लोकही थांबले. "बारा दिवस खळ्यात पसरून मी स्वतः हलवलाय हा हरभरा. आणि बाबाजी, तुम्ही डावीकडे का चावताय?"

"काय?"

"आठ वर्षं बघतेय मी. तुम्ही दाणा उजवीकडे फोडता आणि मग बोलता. माझ्या वर्षाचं काय होणार ते त्या गालावर दिसतं मला. आज तुम्ही डावीकडे फोडलात. नोडरी, बघा, आधी उजवीकडे फोडा आणि मग मला परत पाठवा."

तिनं पोत्यातून एक दाणा काढून त्यांच्या हातावर ठेवला. रामू गाडीवरून बघत होता. बाबाजींनी दाणा उजव्या दाढेवर ठेवला, डोळे मिटले आणि दाबला.

टच्‌.

दाणा फुटला की दाढ, हेच त्यांना कळेना. जीभ धावत गेली. कड जागेवर होती, भरलेलं जागेवर होतं, जिभेवर हरभऱ्याच्या दोन कोरड्या फाका होत्या. दाणा दबला नव्हता. हे त्यांना स्वच्छ कळलं होतं, पूर्वी कळायचं तसंच.

"सुका आहे," ते म्हणाले. "चुकलं माझं, यव्वा."

माल उतरल्यावर ते थेट अण्णांच्या गादीसमोर जाऊन उभे राहिले.

"अण्णा, ती पोती रामूमुळं तापली नाहीत. माल ओलाच आला होता. मी घ्या म्हटलं."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कळलं नाही?"

"दाढ भरून घेतली जानेवारीत. तुटेल म्हणून डावीकडनं चावत होतो. तिकडं कळत नाही मला."

"आणि महिनाभर मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? माल कळत नाही म्हटल्यावर माझं इथं काय काम उरतं?"

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बाबाजींना बरं वाटलं असतं. "रामूला मी चार माणसांत बोललो," एवढंच म्हणाले आणि खोक्यातलं यंत्र काढायला लावलं. त्या दिवसापासून प्रत्येक मालाचा ओलावा यंत्रावर मोजायचा आणि आकड्याखाली बाबाजींनी सही करायची असं ठरलं. सही करण्याआधी ते आकडा दोनदा वाचायचे. अण्णांनी रामूला परत गोदामात घेतलं, त्याच चार माणसांसमोर. पण रामू बाबाजींशी पुढं पंधरा दिवस बोलला नाही. सोळाव्या दिवशी तंबाखूची पुडी पुढं केली, तीही न बोलता.

बाबाजी परत कोप्पीकर रोडला गेले आणि या वेळी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. बाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या.

"हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. आणि चावल्याचं कळतं ते वरच्या थरामुळं नव्हे. दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, दाब तिथं कळतो. तुमचा तो पडदा शाबूत आहे. वर मी काहीही भरलं तरी कळणारच."

"मग घाबरलो ते उगीच?"

"उगीच नाही. अख्खे दाणे रोज फोडलेत तर भिंत जाईल, ती भीती खरी आहे. घरी अडकित्ता आहे?"

शेवंताच्या पानाच्या डब्यात अडकित्ता होता. बाबाजी तो आवारात नेऊ लागले. अडकित्त्यात दाणा धरून हळूच दाबला की तोच आवाज यायचा, आणि दबला तर बोटांनाही कळायचं. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी शेजारच्या दुकानातल्या माणसानं आणला. यंत्र आणि अडकित्ता यांचं जमलं नाही, तरच बाबाजी दाढेला विचारायचे, तेही आठवड्यातून एखाद्या वेळी.

तरी यंदा आषाढात दाढेत भरलेलं तुटलंच, आणि तेही हरभऱ्यानं नाही. घरी जेवताना भाकरीत एवढासा खडा आला. कच्‌ झालं, आणि हातावर पांढरा कपचा पडला. बाबाजी ताटावरून उठले. शेवंतानं कपचा कागदात बांधून दिला, जणू तो परत चिकटवता येणार होता.

डॉक्टर नेत्रांनी फोटो काढला, आरशात बघितलं, टोकदार सळईनं कडा तपासल्या. बाबाजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"आत कीड नाही," त्या म्हणाल्या. "दाढेची भिंतही शाबूत. फक्त भरलेल्याचा कोपरा उडालाय. सगळं काढायची गरज नाही, तेवढीच जागा खरबरीत करून नवं रेझिन जोडते."

"जुन्याला नवं धरतं?"

"धरतं. अगदी पहिल्यासारखं अखंड नाही, पण धरतं."

"आता हे किती वर्षं?"

"ते मी नक्की सांगू शकत नाही, बाबाजी. दर सहा महिन्यांनी येऊन दाखवा. कुठं झिजलं, फट पडली, तर तेव्हाच्या तेव्हा दुरुस्त करता येईल."

खाली आल्यावर त्यांनी शेवंताला फोन लावला. "जोडलं," ते म्हणाले. "पुढची तारीख पौषातली दिलीय. तू लक्षात ठेव, मी विसरेन." मग अमरगोळची बस येईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले, गालावर हात ठेवून. बधिरपणा उतरला नव्हता, आणि जीभ नव्या कोपऱ्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होती.