निफाडचं स्थळ

परवा एका बंद दुकानावर एसटीडीची पिवळी पाटी दिसली आणि हॉस्टेलचे दिवस आठवले. तरुण पोरगी बूथमध्ये शिरून काचेचं दार घट्ट ओढून घेते म्हटल्यावर तुम्हाला लफडं वाटणार, पण मी सिन्नरला आईला फोन लावत होते. एंडोमेट्रिओसिससाठी, म्हणजे पाळीच्या जीवघेण्या दुखण्यासाठी, हार्मोनच्या गोळ्या चालू होत्या. पोटातली कळ थांबली, पण ओठावर लव आली आणि आवाज पुरुषासारखा जाड झाला. नकला करून आख्खी एसटी हसवणारी मी, नाशिकच्या हॉस्टेलवर तोंड मिटून बसायला लागले. घरीसुद्धा नुसती पत्रं धाडायचे. त्या दिवशी राहवलंच नाही. मी हॅलो म्हटलं, तर आई म्हणाली, "कोण साहेब बोलताय?" मग मीही बोलून गेले, "निफाडहून बोलतोय, तुमच्या मुलीसाठी स्थळ आहे." पुरुषी आवाज काढायची गरजच नव्हती. आई एकदम खुलली. "दुखणंबिखणं काही नाय बघा तिला. आणि आवाज तर लय गोड. ती नसली की घर नुसतं खायला उठतं." "आई, मीच आहे गं," मी म्हटलं. ती म्हणाली, "लाज वाटत नाय, आईची टिंगल करतीस? पुरे झाली नक्कल. आता तुझ्या आवाजात बोल."