पात्याचं पाणी

चाकू विकायला आलेला माणूस महानंदाक्कांसमोर फार वेळ टिकत नसे. अक्का त्याच्या चाकूचं पातं उघडायच्या, त्यावर लिंबाची फोड घासायच्या आणि चहा होईपर्यंत ते तसंच ठेवून द्यायच्या. पातं काळवंडलं तरच पुढचं बोलणं. नाही तर, "उचला तुमचं सामान. स्टेनलेस हाय हे."

"अक्का, चांगलं स्टेनलेसही असतं की," मी एकदा म्हटलं.

"असंल. पण वळखायचं कसं? वर नुस्तं नाव छापलेलं ऱ्हातंय. नाव कुणी बी छापतंय."

अक्का आता नाहीत. मूळच्या उदगीरकडच्या. नवऱ्यामागे अर्धापूरजवळची रोपवाटिका त्यांनी एकटीने चालवली. मी तिथे नऊ वर्षं आंब्याची कलमं बांधली. खताचं पोतं आलं की त्या आधी शिवण बघत, कुणी उसवून पुन्हा शिवलंय का म्हणून. फोनवर कुणी गोड बोललं, तर फोन ठेवल्यावर म्हणत, "ह्याला काय पाहिजे असंल गं?"

त्यांचा स्वतःचा चाकू घडीचा, शिसवी मुठीचा होता. पातं साध्या पोलादाचं, आंब्याच्या चिकाने काळं पडलेलं. रोज पुसून तेलाचा हात फिरवला नाही तर गंजायचं. पण दगडावर चार हात मारले की अशी धार यायची, की कलमाच्या कांडीला, म्हणजे जोडायच्या फांदीला, एका ओढीत पाचर निघायची. मऊ पोलादाची धार शे-दोनशे कापांत मुडपते. मग चाकू कापत नाही, चिरडतो. "साल चिरडली की कांडी वाळली म्हणून समज," अक्का म्हणायच्या.

दरवर्षी हंगामाआधी त्या नांदेडला रशीदभाईंकडे जात. रशीदभाई ओल्या दगडावर सावकाश धार लावत आणि अक्का समोर उभ्या राहत. "हात चालू द्या, भाई. मी नुस्तीच उभी हाय," असं म्हणत, पण पात्यावरची नजर काढत नसत.

एका वर्षी अक्कांचा गुडघा धरला होता. मी कामासाठी नांदेडला निघाले होते, म्हणून चाकू माझ्याकडे दिला. शुक्रवार होता, रशीदभाईंचं दुकान बंद. मला परतायची घाई. बसस्टँडजवळ एक जण मशीनवर धार लावून देत होता. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत काम झालं. परतताना बसमध्ये बघितलं, तर धारेच्या कडेला निळसर झाक आली होती. घरी राखेने घासून ती मी घालवली आणि रशीदभाईंनीच धार लावली, असं सांगितलं.

चार दिवसांत धार गेली. दगडावर लावली, पुन्हा गेली. अक्कांनी कानस आणली. एरवी त्या पात्यावरून घसरणारी कानस आता सरळ धारेत रुतली. त्यांनी पातं उलटसुलट करून पाहिलं.

"हे माझं पातं न्हाई. रशीदभाईनं बदललं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. भोकर, नायगावचे रोपवाटिकावाले आले की अक्का त्यांना सांगत, "त्याच्याकडं चाकू देऊ नगा." आमची बरीच कलमं वाळली, आणि प्रत्येक वाळलेल्या कांडीमागे रशीदभाईंचं नाव निघे. मी खाली मान घालून पट्ट्या बांधत राही.

महिन्याभराने रशीदभाई स्वतः आले. म्हातारा माणूस, उन्हातून चालत आलेला. पाणीही घेतलं नाही. "चाकू दाखवा, अक्का," म्हणाले. पातं उघडून त्यांनी बुडाशी बोट ठेवलं. "ही खीळ माझ्याच हातची, जुनीच हाय, कधी निघालेली न्हाई. पातं तुमचंच हाय. पण ह्याचं पाणी उतरलंय. तापवून विझवल्यावर पोलादाला कडकपणा येतो ना, तो गेला. कुणीतरी मशीनवर जाळलंय. माझ्याकडं तर हे ह्या साली आलंच न्हाई."

"आलं न्हाई? मंग कुठं गेलं?" अक्कांची नजर अजून त्यांच्यावरच होती.

"माझ्यामुळे झालं, अक्का," मी म्हणाले. सगळं सांगितलं. निळी झाक, राख, सगळं.

अक्का ओरडल्या नाहीत. रशीदभाईंपुढे त्यांनी हात जोडले. "भाई, चुकलं माझं."

"पुन्हा पाणी देऊन बघतो," ते म्हणाले. "पहिल्यासारखं होईल का, खुदा जाने." अक्कांनी चाकू त्यांच्या हाती दिला. रशीदभाईंकडे तो त्यांनी पहिल्यांदाच नजरेआड जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी दुखऱ्या गुडघ्याने त्या मला घेऊन भोकरला गेल्या, तिथून नायगावला. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्या प्रत्येकाच्या दारात. मी तोंड उघडणार, तर म्हणाल्या, "तू गप उभी ऱ्हा. बोलले मी होते." आणि प्रत्येक ठिकाणी, "रशीदभाईचा काही दोष न्हाई, मी खोटं बोलून बसले," एवढंच सांगितलं.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. "अक्का, तुम्ही सगळ्यांवर संशय घेता. माझ्यावर कसा नाही घेतला?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "एक तरी माणूस लागतंय गं, ज्याच्या हाताकडं बघावं लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या कलमांच्या रांगेशी आल्या, गुडघा धरून खाली बसल्या आणि पहिल्या कलमाची पट्टी सोडून आतला काप बघू लागल्या.