मावसाजी आणि पडद्यावरची माणसं

सिनेमातल्या माणसांचं काही बरंवाईट झालं तर त्याची जबाबदारी बघणाऱ्यावर असते, असं मनापासून मानणारा साऱ्या जबलपुरात एकच माणूस आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आम्ही त्यांना मावसाजी म्हणतो. सत्तरी ओलांडली, फॅक्टरीतली नोकरी संपून बारा-तेरा वर्षं झाली, पण खरं काम आपल्याला निवृत्तीनंतर मिळालं असं त्यांना वाटतं. ते काम म्हणजे दर रविवारी दुपारी एक जुना, काळा-पांढरा सिनेमा बघणं आणि त्यातल्या माणसांना शक्य तेवढी मदत करणं.

सिनेमा शोधून मोबाइलवरून टीव्हीवर लावण्याचं काम माझं. माझं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून, मुलं शिकायला बाहेर, नवरा फिरतीवर, त्यामुळे रविवारी जेवण झालं की मी सराफ्यामागच्या त्यांच्या घरी हजर होत असे. मावसाजी तोवर इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून खुर्चीत बसलेले असत. एकदा भर उन्हाळ्यात लाइट गेलेली, कूलर बंद, इन्व्हर्टरवर जेमतेम टीव्ही आणि एक पंखा चालू, तरी यांच्या शर्टाची वरची गुंडी लागलेली. मी म्हटलं, मावसाजी, बनियनवर बसा ना, कोण बघणार आहे? तर पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढ्या बायका-माणसं आपल्या घरात येऊन राहिली, आणि मी बनियनवर बसू?"

रंगीत सिनेमा त्यांना चालत नाही. रंग आला तशी माणसं कपड्यांकडे बघायला लागली आणि एकमेकांकडे बघायची थांबली, हे त्यांचं मत. नायक-नायिकांची त्यांना फारशी काळजी नसते, कारण त्यांची काळजी घ्यायला दिग्दर्शक असतो. मावसाजींचा जीव अडकतो तो कोपऱ्यातल्या माणसांत. एका सिनेमात नायिका धो धो पावसात टांग्यातून उतरते आणि हवेलीत पळत जाते, पुढे तिचं लग्न मोडतं, बाप आंधळा होतो, काय काय होतं. मावसाजींनी सिनेमा तिथेच थांबवायला लावला. "तो घोडा पावसात उभा आहे," ते म्हणाले. मी सांगितलं, पुढे गेला असेल. "कुठे गेला? दाखवलं नाही ना." आम्ही तो सिनेमा मागे नेऊन तीनदा पाहिला. शेवटी मावशी आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "घोडा घरी गेला, टांगेवाल्याने त्याला पुसलं, चणे खाऊ घातले. आता तुम्ही चहा घ्या." मावशीच्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे. सिनेमा पुढे सरकला.

खलनायक दारात आला की ते घरातल्या बाईला सावध करतात. सिनेमा हिंदी असल्यामुळे सावध करतात तेही हिंदीतूनच, आणि फॅक्टरीत मशीनच्या आवाजावरून बोलायची सवय असल्यामुळे साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. एकदा ते ओरडले, "दीदी, दरवाजा मत खोलना." पडद्यावरच्या दीदीने दरवाजा उघडलाच. पण समोरच्या घरातल्या दीदींनी उघडला नाही, आणि त्यांच्या दारात उभा असलेला गॅस सिलिंडरवाला वाट पाहून परत गेला. पुढचे चार दिवस त्यांचा स्वयंपाक मावशीच्या शेगडीवर झाला. दीदी भल्या बाई. म्हणाल्या, भैया जी ने कहा है तो कुछ सोचकर ही कहा होगा.

रडण्याचंही त्यांचं तंत्र वेगळं होतं. मरणाच्या प्रसंगाला ते रडत नसत. "तो कशाचा मेला? पुढच्या रविवारी येईल पहा वकील बनून," असं म्हणत आणि तो खरोखरच येई. पण कोणी ट्रंक भरायला घेतली की मावसाजी कोसळत. कपड्यांच्या घड्या पडायला लागल्या, वर एखादी डब्यातली पुडी ठेवली गेली, झाकण लागलं, की यांचा चष्मा हातात आणि हात डोळ्यांवर. मला याचं पुष्कळ दिवस हसू यायचं. ते ट्रंकेलाच का रडतात, हे मला पनागरच्या दादांमुळे कळलं.

पनागरचे दादा म्हणजे मावसाजींचे थोरले भाऊ. त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, पनागरला भाजीपाल्याची शेती, बोलणं मोजकं. थंडीत वाटाणा निघाला की एखाद्या रविवारी पोतं घेऊन येत. मग मी, मावशी आणि दादा शेंगा सोलत बसायचो, आणि मावसाजी शर्टाला डाग पडेल म्हणून लांबून सिनेमावर लक्ष ठेवायचे.

चार वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी मी नेमका दोन भावांचा सिनेमा लावला. मोठा गावात नांगर धरतो, धाकटा शहरात वकिली शिकतो. मोठा आजारी पडतो, पत्र जातं, धाकटा येत नाही. येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मावसाजी सवयीप्रमाणे मदतीला धावले, आणि धावले ते धाकट्याच्या.

"त्याची काय चूक आहे? त्याला कोणी कळवलंच नाही."

दादा शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "कळवावं लागते काय?"

"मग! आणि हा मोठा पहा. सारखं आपलं त्यागाचं तोंड. काहून? कोणी सांगितलं होतं त्याला शाळा सोडायला?"

दादांनी हातातली शेंग न सोलता टोपलीत टाकली. गमछा झटकला, खांद्यावर घेतला. मावशीला म्हणाले, "चलतो," आणि गेले. मावसाजींना वाटलं, बसची वेळ झाली असेल. दादांना बोलणं लागलं, हे आम्हा बायकांना मात्र कळलं होतं.

नंतर मावशीने मला सांगितलं. बाप गेला तेव्हा मावसाजी दहा-अकरा वर्षांचे होते. दादांनी शाळा सोडून शेती धरली आणि धाकट्या भावाला जबलपूरला शिकायला पाठवलं. दादांचं लग्न तेव्हा नुकतं झालेलं. सोळा-सतरा वर्षांच्या त्या वहिनीने दिराची ट्रंक भरली होती, कपड्यांवर लाडवांची पुडी ठेवली होती. आणि वीसेक वर्षांपूर्वी ती वहिनी दोन दिवसांच्या तापात गेली, तेव्हा मावसाजी भोपाळला ट्रेनिंगला होते. निरोप तिथे पोचला, पण त्यांच्यापर्यंत पोचायला एक दिवस गेला. ते आले तिसऱ्या दिवशी. कोणी काही बोललं नाही, तेही काही बोलले नाहीत.

त्या रविवारनंतर दादा आले नाहीत. पुढच्या थंडीत वाटाणा बाजारातून आणला. त्याच्याही पुढच्या थंडीत मावशीने तो आणलाच नाही. फोन केला तर दादांची सून उचलायची, बाबूजी शेतात आहेत म्हणायची. मावसाजी कोणाशी याबद्दल बोलले नाहीत, फक्त सिनेमा लावायच्या आधी मला विचारायला लागले, "यात भाऊ आहे काय?" आता जुन्या सिनेमात भाऊ नाही असं कसं होईल? मला आधी घरी बसून सगळा सिनेमा बघून यावं लागायचं. एकदा माझी चूक झाली, मध्यंतरानंतर नायकाला जत्रेत हरवलेला भाऊ सापडला. मावसाजी उठून गच्चीवर गेले आणि कुंड्यांना पाणी घालत बसले. पाणी मावशीने सकाळीच घातलं होतं.

या वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांनी स्वतःहून तो दोन भावांचा सिनेमा मागितला. मी मावशीकडे पाहिलं. तिने मान हलवली, लाव. अडीच तास मावसाजी एक शब्द बोलले नाहीत, कोणाला सावध केलं नाही, कुठे थांबवलं नाही. टांगा येऊन गेला, घोड्याकडेही लक्ष नाही. सिनेमा संपला तसे म्हणाले, "आजवर मी हा धाकट्याकडून पाहून राहिलो होतो. आज मोठ्याकडून पाहिला." मग म्हणाले, "गाडी घरी आहे ना तुझी? चलो, पनागरला जाऊन येऊ."

पनागर काही लांब नाही, पण त्या दिवशी मला लांब वाटलं. दादा शेताच्या बांधाशी खाटेवर बसले होते, समोर तोडलेल्या वाटाण्याचा ढीग. दादा फार वाळले होते. आम्हाला पाहून उठले नाहीत, पण खाटेवर सरकून जागा केली. मावसाजी बसले.

"दादा, तो सिनेमा परत पाहिला," मावसाजी म्हणाले. "मोठ्याचं बरोबर होतं."

"मीही पाहिला," दादा म्हणाले. "नातीच्या मोबाइलवर. दोनदा. त्या धाकट्याला पत्र पोचलंच नव्हतं. घरमालकाने खणात टाकून दिलं. तेव्हा मी ते ध्यान देऊन पाहिलं नव्हतं."

"पत्र कशाला पाहिजे? त्याने आपणहून एक चक्कर मारायला पाहिजे होती."

"कशी मारणार? परीक्षा होती त्याची."

"परीक्षा काय, पुढच्या साली देता आली असती."

"असं कसं? मोठ्याने नांगर कशासाठी धरला मग? परीक्षेसाठीच ना?"

"तरी पण चूक धाकट्याचीच."

"नाही म्हणतो ना मी."

दोघांचे आवाज चढायला लागले. चार वर्षांपूर्वीचंच भांडण, फक्त बाजू बदललेल्या. दादांची सून चहा घेऊन आली, ती माझ्याकडे पाहत राहिली. मला हसावं की काय करावं कळेना. मग मावसाजींचा आवाज एकदम बसला.

"वहिनीच्या वेळेला मला यायला पाहिजे होतं, दादा."

दादांनी चहाचा कप खाली ठेवला. "ती विचारत होती तुला," ते म्हणाले. "दोनदा विचारलं. मी सांगितलं, निघाला आहे, येऊन राहिला. तिला शेवटपर्यंत वाटलं, तू रस्त्यात आहेस." मग भावाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मलाही तेच वाटत होतं. त्यात खोटं काही नव्हतं."

मावसाजींनी मान खाली घातली. दादांचा हात तसाच होता. मी चहाचे कप उचलून सुनेमागे आत गेले, तिथे काम नसताना बराच वेळ उभी राहिले. बाहेर आले तर दोघं वाटाणा सोलत बसले होते. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. "तू जा," मावसाजी मला म्हणाले. "मी आज राहतो. मावशीला सांगून दे."

मी परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशी कणीक मळत होती. मी तिला सगळं सांगितलं, दादांनी सांगितलेलं तेही. तिचे हात परातीत थांबले. "हे दादा मला कधी बोलले नाहीत," ती म्हणाली. "मी सकाळच्या बसने पोचले होते, तोवर सगळं आटोपलं होतं. विचारायची हिंमत नाही झाली."

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मला आपल्या जावेबद्दल सांगायला लागली. हसताना तोंडावर पदर धरायची. गाणं चांगलं म्हणायची, पण कोणी ऐकतंय असं कळलं की थांबायची. जबलपूरला मुक्कामाला अशी एकदाच आली, संक्रांतीला. दोघी तिलवाऱ्याला नर्मदेवर गेल्या. पाणी बर्फासारखं, मावशी काठावरच उभी. जाऊबाईने पाय घातला, दात वाजायला लागले, तरी पुढे गेली. मावशीने विचारलं, एवढी थंडी सोसून काहून जाता? तर म्हणाली, "परत कधी येणं होते कोणाला माहीत. आली आहे तर भेटून घेते."

मावशीने पीठ लागलेल्या मनगटाने डोळे पुसले. दोन माणसांपुरती कणीक झाली होती. तिने पोळपाट ओढला आणि म्हणाली, "तू इथंच जेव आज."