काम चालू आहे

शिलाईकाकू शिलाई करत हे खरं, पण त्यांचं मुख्य काम ऐकण्याचं होतं. पुढच्या खोलीत मशीनवर बसून त्या लोकांच्या पँटी आखूड करत, बिघडलेल्या चेन बदलत, आणि कान सगळा आतल्या खोलीकडे. आत खुर्ची जरा जोरात सरकली की यांचा पाय मशीनवर आपोआप थांबे. झोपेतही त्या ऐकतच असत. अशी झोप काढणारं माणूस सकाळी कसं उठत असेल ते वेगळं सांगायला नको.

आतल्या खोलीत त्यांचे यजमान. सगळी बिल्डिंग त्यांना लिफ्टवाले म्हणे. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. माणूस इतका शांत, की कुणी लिफ्टमध्ये अडकलं तर हे बाहेरून अशा गप्पा लावत, की दार उघडल्यावरही आतल्या मंडळींना बाहेर पडायची घाई नसे. मग एकदा कामावर शिडीवरून पडले आणि कपाळावर आपटले. जखम भरली. हातपाय धड, बोलणं धड, आठवण धड. राग तेवढा धड राहिला नाही. चहा कोमट झाला की कप भिंतीवर. चप्पल सापडली नाही की दारावर लाथ. थोड्या वेळाने हेच गृहस्थ गुडघ्यांवर बसून काचा वेचत आणि ‘असं कसं झालं गं माझ्या हातून’ म्हणून रडत. काकूंना त्या रागापेक्षा हे रडणं जड जायचं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. ‘डोक्यात खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. तुमची वाजते, माझीही वाजते. मग कपाळामागचा भाग त्याला निरोप धाडतो, की थांब, काही नाही झालेलं, नुसता कप पडलाय. यांच्यात ती निरोपाची वाट तुटलीय. म्हणून घंटा वाजली की वाजतच राहते. ती थांबेपर्यंत वाद घालू नका, समजूत काढू नका, अंगाला हात लावू नका.’

‘म्हणजे मोटर चालू आणि ब्रेक गेलेला,’ लिफ्टवाले म्हणाले.

‘तसंच समजा.’

‘पण बाई, लिफ्टची वीज गेली तर ब्रेक आपोआप आवळतो. माणसाचा सुटतो? असली लिफ्ट मी पास केली नसती.’

बाई खूप हसल्या. काकूंना हसू आलं नाही. त्या लिफ्टमध्ये त्यांना राहायचं होतं.

तोडगा शेवटी लिफ्टवाल्यांनीच काढला. त्यांच्या धंद्यात नियम असा, की लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्यापूर्वी स्विच बंद करून त्यावर ‘काम चालू आहे’ असा बोर्ड लावायचा. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. साहेब येवो नाहीतर मालक बोंबलो, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही, कारण खाली माणूस असतो. घंटा वाजण्याआधी कानशिलं तापतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. तसं झालं की ते आतल्या खोलीत जात, दाराच्या कडीला तो जुना बोर्ड अडकवत आणि दार ओढून घेत. बोर्ड असेतो काकू मशीन चालवत नसत. कामं तुंबत, गिऱ्हाइकं कटकट करत, पण कप फुटेनासे झाले.

लेकीला मात्र हे पटत नव्हतं. तिने अशा रुग्णांना ठेवून घेणारी एक संस्था पाहून ठेवली होती. ‘आई, तुझं काय झालंय ते आरशात बघ एकदा. रविवारी मी येते. बाबा शांत दिसले तर विषय बंद. नाहीतर सोमवारी त्यांना तिथे न्यायचं.’

आणि नेमकं रविवारीच बिल्डिंगच्या लिफ्टचं दार सकाळपासून आपटत होतं. ‘दोन स्क्रू ढिले आहेत, दोन! कुणाला कळतंय का?’ करत लिफ्टवाले घरभर फिरले, आणि लेक जिना चढत होती तेव्हा आतल्या दाराला बोर्ड लागलेला होता.

काकूंनी लेकीच्या पावलांचा आवाज ओळखला. बोर्डाकडे पाहिलं. आजचा एक दिवस, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी बोर्ड काढला आणि पँटींच्या ढिगाखाली सारला.

‘बाबा कुठायत?’

‘पडलेत जरा.’

काकू चहा टाकायला स्वयंपाकघरात वळल्या. कडी मोकळी दिसली म्हणून लेक सरळ आत गेली आणि लाडाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

आरडाओरडा झाला. खुर्ची पडली. काकू धावल्या तेव्हा लेक चौकटीला टेकून कोपर धरून उभी होती, आणि लिफ्टवाले आपल्याच हाताकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. त्यांनी मोकळी कडी पाहिली, मग काकूंकडे पाहिलं. आता आपली खैर नाही, म्हणून काकूंनी अंग चोरलं.

‘बोर्ड लावायचा राहिला,’ ते लेकीला म्हणाले. ‘माझी चूक. उद्या ने मला.’

जन्मात हा माणूस बोर्ड लावायला विसरला नव्हता.

‘लावला होता त्यांनी,’ काकू म्हणाल्या. ‘मी काढला.’

‘आई! का पण?’

‘तुला शांत बाबा बघायचे होते ना! म्हणून!’ काकूंचा आवाज असा चढला की त्या स्वतःच दचकल्या, पण आता थांबवेना. ‘यांची वाट तुटलीय म्हणून यांनी फोडायचं, तू लांब म्हणून तू ठरवायचं. माझी वाट शाबूत आहे, म्हणून सगळं मीच गिळायचं का? दमले मी! मेले दमून!’

त्यांनी ढिगाखालून बोर्ड ओढला, स्वयंपाकघराच्या कडीला अडकवला आणि दार लावून घेतलं. आत जमिनीवर बसून त्या पदर तोंडात कोंबून रडल्या. मग नुसत्याच बसल्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या काहीच ऐकत नव्हत्या.

उशिरा कधीतरी बाहेरचं बोलणं कानावर आलं. लेक म्हणत होती, ‘बघू का आत?’

‘हात लावू नकोस. बोर्ड आहे.’

काकूंनी दार उघडलं तेव्हा लिफ्टवाले समोरच जमिनीवर मांडी घालून बसले होते. चहा उकळेपर्यंत ज्याला दम निघत नाही, तो माणूस.

काकूंनी आपल्या हाताने बोर्ड काढला आणि लेकीला म्हणाल्या, ‘त्या संस्थेला फोन लाव. तिथे दाराला बोर्ड लावू देतात का विचार.’

लेकीने विचारलं. दोनदा समजावून सांगितलं. मग फोन ठेवून म्हणाली, ‘दारं उघडीच ठेवावी लागतात म्हणे. कुणीही केव्हाही आत येऊ शकतं.’

‘मग हे नाही जायचे,’ काकू म्हणाल्या. ‘पण रविवार तुझा. इथे येऊन बस आणि त्यांच्याकडे कान ठेव. मी झोपणार.’

लेकीने दुखरं कोपर चोळत मान हलवली. लिफ्टवाले भिंतीला धरून उठले आणि माळ्यावर पत्र्याचा तुकडा शोधू लागले.

‘आता काय काढताय?’ काकूंनी विचारलं.

‘दुसरा बोर्ड करतो तुला. एका बोर्डावर दोघांनी काम करायचं नाही. नियम आहे.’