वूफरचा डबा

आठवीत शाळा सुटली आणि जालन्याकडून भटकत भटकत मी महाडला चाचांच्या गाळ्यात येऊन पडलो. चाचा कुवेतला गाड्यांत टेप-स्पीकर बसवायचे, ते सोडून परत आले होते. त्यांनी मला काम दिलं, माळ्यावर झोपायला जागा दिली, घरून येणाऱ्या डब्यातलं अर्धं जेवण दिलं. तरी रोज सकाळी मला धास्ती असायची, आज हे जा म्हणणार.

ती वेळ जवळ आलीच होती. वूफर म्हणजे गाण्याची धमक देणारा मोठा स्पीकर, त्याचा लाकडी डबा आम्ही गाळ्यात हातानं बनवायचो. आता मुंबईहून तयार डबे येऊ लागले होते. स्क्रू मारले की वूफर बसला. चाचांचे मुलगे कुवेतहून फोनवर म्हणत, गाळा मोबाइलवाल्याला देऊन टाका. अशात पोलादपूर-उमरठ जीप चालवणारा एकजण आला. त्याला मागच्या बाकाखाली वूफर हवा होता. तिथं चाकाचा फुगवटा, तयार डबा बसेना. चाचांनी कुवेतहून आणलेला शेवटचा वूफर कपाटातून काढला.

"हा वाजला ना, तर स्टँडवरच्या सगळ्या जीपा आपल्याकडं येतील. मग पोरांना सांगतो, गाळा द्यायचा नाय."

फुगवट्यावर पुठ्ठा दाबून आम्ही साचा काढला, त्यावरून प्लाय कापला. बाकाखाली उंची कमी, म्हणून वूफर तोंड खाली करून बसवला. सांध्यातून हवा सुटली तर आवाज फुसका येतो. म्हणून चाचांनी गाणं लावून सांध्यांवरून पेटती अगरबत्ती फिरवली. तिरक्या सांध्यापाशी धूर थरथरला.

"हवा जाते तिथून पाणी येणारच," चाचा म्हणाले आणि छपराच्या पत्र्यांच्या भोकांसाठी आणलेलं डांबराचं टिन उघडलं. महाडात दरवर्षी नदी बाजारात येते. इथं माणूस काहीही करताना आधी पाण्याला घाबरतो.

मी भीत भीत म्हटलं, "चाचा, आमच्याकडं उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं."

"अरे घाटी, तुझ्याकडं पाऊस तरी पडतो का रे?"

जीपवाला म्हणाला, "लावा चाचा. बाजाराला बकऱ्या असतात गाडीत. त्या मुतल्या तरी वाजला पायजे."

वूफर काढून आतून सगळ्या सांध्यांना डांबर फासलं, ते सुकल्यावर पुन्हा बसवला. आता धूर सरळ वर गेला. आवाज असा, की शटर थरथरलं. "आयला, छातीत वाजतंय!" जीपवाला ओरडला. चाचा डब्यावर तळहात ठेवून उभे होते. स्टँडवरचे ड्रायव्हर चौकशीला येऊ लागले. त्या आठवड्यात मला बरी झोप लागली.

मग वरंधच्या एका लग्नाला ती जीप दिवसभर उन्हात उभी राहिली. परत आली ती मुकीच. डबा उघडला तर डांबर वितळून खाली वूफरवर उतरलेलं, कागदी पडदा आणि कॉईल त्यात चिकटून काळा गोळा झालेला.

"वऱ्हाडातली पोरं हसली, चाचा. म्हणाली, जीपला दमा लागला. दुसरा बसवा."

"दुसरा नाय," चाचा म्हणाले. मग माझ्याकडं बोट केलं. "हा बोलला होता."

ते माझ्यावर खेकसले असते तर बरं वाटलं असतं.

जीपवाल्याने बाहेरून तयार डबा आणून जीपमध्ये बाकापुढं, पॅसेंजरच्या पायाशी ठेवला. ड्रायव्हर पुन्हा फिरकले नाहीत. पाऊस लागायच्या आत गाळ्यात मोबाइलवाल्याचं काचेचं काउंटर आलं.

चाचा मला एसटी स्टँडवर सोडायला आले. स्वतःची करवत पोत्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. त्यांनी काळजी करू नये म्हणून मी सांगितलं होतं, घरी जातोय, काकांनी काम बघितलंय. घरी काही नव्हतं. तिकीट पनवेलचं होतं.

खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, "खरंच चिकटतं का रे चपलेला?"

"चिकटतं. चप्पल ओढून सोडवावी लागते."

"बघितलं पायजे एकदा."

"या ना चाचा," मी म्हटलं. पत्ता त्यांनी विचारला नाही, मीही दिला नाही.