आप्पांची घरगुती सायकल-दुरुस्ती

ज्या घरात सायकल घरीच दुरुस्त होते, तिथं दोन गोष्टी साठत जातात: उरलेले नट आणि किस्से. आमच्या पलूसच्या घरात दोन्हींचा डबा भरलेला!

एकाहत्तरची लढाई करून आप्पा, म्हणजे माझे वडील, पेन्शनीवर आले. सायकल दुकानात न्यायचं नावच नको. "बॉर्डरवर ट्रक खोललाय म्या! सायकल म्हंजे काय?"

पहिल्यांदा त्यांनी चाक खोललं आणि आतले बेअरिंगचे छर्रे पेपरवर अंगणात ठेवले. जोडताना दोन कमी! आईनं गुपचूप तांबड्या कोंबडीकडं बोट दाखवलं. तेव्हापासून छर्रे रॉकेलच्या वाटीत, झाकण घालून. कोंबडीवर मात्र आप्पांची नजर बरेच दिवस होती.

मग पंक्चर. आईच्या कणकेच्या परातीत पाणी घेऊन ट्यूब बुडवायची, ठिगळ लावायचं, फिरून यायचं; की पुन्हा हवा गुल! चार ठिगळं झाल्यावर आईनं टायरच्या आतून बोट फिरवलं आणि बाभळीचा काटा काढून हातावर ठेवला. "आवं, ह्यो ठेवायचाय का काढायचाय?"

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. आप्पांनी रायफलीसारखी अख्खी सायकल तेलानं चोपडली, ब्रेकच्या रबरांसकट! उतारावरून निघाले ते थेट उकिरड्यात थांबले. त्यानंतर ब्रेकजवळ तेलाचा थेंब फिरकला नाही.

पुढच्या वर्षीची गोष्ट. उसाच्या पाण्याच्या पाळीवरून आप्पांचा थोरल्या भावाशी, तात्यांशी, अबोला झाला होता. आईचा जीव तुटायचा. "दसऱ्याला तरी सोनं द्याया जावा." आप्पांचं एकच, "त्याच्या दारात पाय ठेवणार न्हाई!"

दसऱ्याला संध्याकाळी ते सायकलवर पुढं, मी मागून चालत. तात्यांचं घर आलं आणि सायकल वळून सरळ अंगणात, कडब्याच्या गंजीत! तात्या धावले.

"ब्रेक लागला न्हाई," आप्पा कडब्यातूनच म्हणाले. "तेल लागलंय वाटतं." मग खिशातली आपट्याची पानं पुढं केली. "आता आलोच हाय तर... सोनं घे, दादा."

तात्यांनी पानं कपाळाला लावली. सायकल उभी केली, ब्रेक दाबला आणि ढकलून बघितली. चाक जागचं हललं नाही.

"लय तेल लागलंय रं," तात्या म्हणाले. "पुसाय येळ लागंल. जेवूनच जा."